मैदानात हरवलेली वाटी: मेटल डिटेक्टर कुणाकडे आहे का? (बेळगाव)

अनगोळ_नाका | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. धागा मदतीचा आहे, जरा लांबेल.

काल आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं आणि त्यानिमित्त बायकांच्या स्पर्धा. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची आणि शेवटी रस्सीखेच. मैदान टिळकवाडीच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या सकाळी फावडी घेऊन पंधरा जण हजर होतील. माझी धाकटी बहीण रस्सीखेचीत सगळ्यात मागे, दोर कमरेला गुंडाळून. समोरच्या संघाने हिसका दिला, दोर वर सरकला, आणि गळ्यातलं वाढवलं. (आई शेजारी बसली आहे, "तुटलं" लिहू देत नाही.)

काळे मणी चहूकडे उडाले. बायकांनी तिथल्या तिथे गुडघे टेकून वेचले, पदरात जमवले. दोन वाट्यांपैकी सासरची मिळाली. माहेरची नाही. रात्री नऊपर्यंत मोबाइलच्या उजेडात हुडकलं, आज सकाळी सहाला परत गेलो. दवाने माती ओली, तांबडी, सगळंच चमकतं. मैदानाचा वॉचमन दोन-तीनदा येऊन बघून गेला, "बंगार सिक्तेन्री?" (सोनं मिळालं का?) मी मान हलवली की तोही हळहळून मान हलवायचा.

वजनाने वाटी ग्रॅमभरही नसेल. पण आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली एक पुतळी मोडून वडिलांनी ती करवून घेतली होती, आणि वडील आता नाहीत. त्यामुळे "नवीन करून घ्या" हा सल्ला कृपया देऊ नका, तो चार नातेवाइकांनी देऊन झालाय.

मेटल डिटेक्टर बेळगावात कुणाकडे आहे का? भाड्याने मिळतो का? आणि मुळात उपयोग होतो का?

कुंदा_प्लस_फरसाण | सोमवार, रात्री १०.३१

वाईट वाटलं. तोवर ताईंना हळकुंड बांधायला सांगा पिवळ्या दोऱ्यात, आमच्यात तसंच करतात. वाटी मिळेल. वर काढतोय धागा.

सराफकट्टा | सोमवार, रात्री ११.०५

शहापुरात आमचं दुकान आहे, तीन पिढ्या. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, वाटी तुटत नाही, तिची कडी झिजते. दोऱ्यावर रोज घासून घासून कडी केसाएवढी होते आणि मग एका हिसक्याला उघडते. वर्षाकाठी एकदा पोत पटवेकऱ्याकडून ओवून घ्या आणि त्याच वेळी कड्या दाखवा. लोक दहा ग्रॅमच्या बांगडीचं पॉलिश करतात आणि रोज गळ्यात असलेल्या कडीकडे बघत नाहीत.

दुसरी, वेचताना सगळे मणी मोजलेत का? गंमत म्हणून विचारत नाही. मणी जिथे जास्त सापडले तिथे पोत सुटली. पण वाटी मण्यांबरोबर पडेलच असं नाही. पोकळ असली तरी मण्यांपेक्षा जड, आणि ती पदराच्या घडीत बसून दोन पावलं पुढे जाऊन पडते. पोलक्यात, निऱ्यांत, बुटात बघितलंत ना? हसू नका. दर दोन-तीन महिन्यांनी आमच्याकडे एक तरी बाई "हरवलेली" कुडी घेऊन फिरकी बसवायला येते, आणि ती सापडलेली असते वॉशिंग मशीनच्या रबरात.

अनगोळ_नाका | सोमवार, रात्री ११.२०

@सराफकट्टा, साडी झाडली, पोलकं उलटं केलं, बूट नव्हतेच, अनवाणी होती. मणी मोजले नाहीत. आता वाटतंय मोजायला हवे होते.

निपाणी_एक्सप्रेस | मंगळवार, सकाळी ७.४८

एक ग्रॅमसाठी यंत्र आणायचं? पेट्रोल जास्त लागेल. रस्सीखेच खेळायला दागिने घालून जायचंच कशाला मुळात.

मुक्ता_खानापूर | मंगळवार, सकाळी ८.१५

@निपाणी_एक्सप्रेस, हळदीकुंकवाला बायका गळ्यातलं काढून ठेवून जातात असं तुमच्याकडे असेल. आमच्याकडे नाही. पुढे चला.

चोर्ला_घाट | मंगळवार, रात्री ९.५०

मूळ खानापूर तालुक्यातला, नोकरी मडगावला. गेली पाच वर्षं सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या शोधून देतो, पैसे घेत नाही, फार तर चहा. यंत्र आहे. रविवारी चोर्ल्यातून येऊ शकतो. पण आधी तुमच्या अपेक्षा थोड्या खाली आणतो, म्हणजे नंतर मला शिव्या बसणार नाहीत.

यंत्राला सोनं ओळखता येत नाही. खालच्या तबकडीत तारेची वेटोळी असतात, त्यातून जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडलं जातं, सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारं. वाटेत धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखा प्रवाह फिरतो, तो प्रवाह आपलं स्वतःचं क्षेत्र उभं करतो, आणि ते यंत्राकडे परत येताना जेवढं मागे पडतं त्यावरून पडद्यावर आकडा उमटतो. लोखंड तळाला. चांदी, तांबं वर. आणि सोन्याची छोटी वस्तू येते मधल्या खालच्या पट्ट्यात, जिथे सिगरेटच्या पाकिटातली चांदी, औषधाच्या गोळ्यांची फॉइल आणि कोल्ड्रिंकच्या डब्याची कडी यांचं आधीच संमेलन भरलेलं असतं. म्हणजे मैदानात सोन्याचा आणि कचऱ्याचा आवाज एकच. ज्याला कचरा खणायचा कंटाळा, त्याला सोनं मिळत नाही. पाच वर्षांत एवढंच शिकलोय.

त्यातल्या त्यात तुमचं नशीब बरं, हरवली ती वाटी. साखळी असती तर मी आलोच नसतो. अंगठी म्हणजे बंद कडं, प्रवाह गरगरा फिरतो, ती बोंब मारून सांगते. साखळीत मात्र प्रत्येक कडी सुटी, यंत्राला ती बारीक कड्यांची रांग दिसते. दहा ग्रॅमची नाजूक साखळी एखाद्या ग्रॅमच्या अंगठीपेक्षा हळू वाजते, कधीकधी वाजतच नाही. साखळी सापडते ती बहुधा तिच्या फाशामुळे नाहीतर पदकामुळे. वाटी गोल, सलग पत्र्याची, वाजेल.

आता अडचण. आपली माती. किनाऱ्यावर मिठाचं पाणी त्रास देतं, बेळगावात जांभा. तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि यंत्र मातीलाच धातू समजून कुरकुरत राहतं. त्याला ग्राउंड बॅलन्स करावा लागतो: धातू नसलेली जागा बघायची, तबकडी जमिनीवर वरखाली करायची, मातीचा आवाज दबेपर्यंत. ही सोय नसलेलं स्वस्तातलं यंत्र विकत घेऊ नका, जांभ्याच्या खड्याखड्याला ओरडेल आणि तुम्ही दुपारपर्यंत वेडे व्हाल.

खोलीची काळजी नाही. कालपरवा पडलेली वस्तू वरच्या बोटभर मातीतच असते. चिखल असता तर पायांनी दाबली गेली असती. आत्ता जानेवारी, कोरडं आहे, झाडलोट झाली नसेल तर जवळपास वरच असेल.

एक काम करा. मिळालेली वाटी बरोबर आणा. आणि ताई कुठे उभी होती ते नीट विचारून ठेवा. "इथेच कुठेतरी" चालणार नाही.

अनगोळ_नाका | मंगळवार, रात्री १०.३०

दादा, काय बोलू. या, जेवायला घरीच या.

उद्यमबाग_फाउंड्री | बुधवार, दुपारी १.१०

जेवणाच्या सुट्टीत वाचलं. आमच्याकडे भंगार निवडायला दांड्याचं चुंबक आहे, चांगलं दणकट. यंत्र फिरवायच्या आधी त्या जागेवरून दोनदा चुंबक ओढा. मांडवाच्या चुका, सोड्याचे बिल्ले, बुटांचे स्पाइक सगळं वर येईल. सोनं चुंबकाला लागत नाही, त्यामुळे वाटी जाण्याची भीती नाही. शनिवारी संध्याकाळी घेऊन जा, गेटवर माझं नाव सांगा.

चोर्ला_घाट | बुधवार, दुपारी १.४०

@उद्यमबाग_फाउंड्री, लाखातली गोष्ट. हल्लीची एक-दोन रुपयांची नाणीही येतील त्याला चिकटून, ती फेरिटिक स्टेनलेस स्टीलची असतात. म्हणूनच यंत्रावर "लोखंड वगळा" हे बटण दाबून नाणी शोधणारा बिचारा नाण्यांवरून चालत जातो आणि त्याला पत्ता नसतो.

सुभेदार_निवृत्त | बुधवार, सायंकाळी ६.२५

मी सैन्यात होतो, सुरुंग शोधायचं शिक्षण घेतलेलं आहे. तुमच्या कामात जीव जायचा धोका नाही, पण शिस्त तीच.

सुतळी घ्या, आठ खुंट्या घ्या. शोधायच्या जागेचे मीटर-मीटर रुंदीचे पट्टे पाडा. तबकडी जमिनीला समांतर, जवळजवळ टेकवून, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे. माणूस कंटाळला की हात झोपाळ्यासारखा दोन्ही टोकांना वर उचलतो. वस्तू सुटते ती तिथे. एक पट्टा झाला की आडवा पुन्हा करायचा. ज्याने यंत्र धरलं त्याने खणायचं नाही, ज्याने खणलं त्याने यंत्र धरायचं नाही.

अंगावर लोखंड नको. टाचेत पट्टी असलेला बूट, हातातलं कडं, खिशातला मोबाइल, सगळं लांब. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा टेलिफोनवाले बेल त्यांच्या शरीरातली गोळी शोधायला असंच यंत्र घेऊन गेले होते. सापडली नाही. पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. आम्हाला वर्गात हे पहिल्या दिवशी सांगायचे. मैदानात गोलपोस्टजवळ तुमचंही तेच होईल.

गडप्रेमी_२२ | बुधवार, रात्री ११.०२

@चोर्ला_घाट दादा, एवढ्या लांबून येताच आहात तर तसंच येळ्ळूरच्या राजहंसगडावर पण एक चक्कर मारू या का? आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात तिथे पुरलेलं आहे. अर्धं अर्धं.

चोर्ला_घाट | बुधवार, रात्री ११.०९

नाही.

काळा_कोट | गुरुवार, सकाळी १०.१५

@गडप्रेमी_२२, हे इथे लेखी मांडलंत म्हणून सांगतो. जमिनीत दडवलेला ठेवा मिळाला तर तो सरकारला कळवावा लागतो. केंद्राचा निखात निधी कायदा १८७८ चा आहे, त्यात दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही मिळालं तरी कलेक्टरला लेखी कळवायचं बंधन आहे. कर्नाटकाचा त्यासाठी स्वतःचा १९६२ चा कायदा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं किंवा दागिना १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतो. संरक्षित स्मारकावर खणणं हा तर सरळ गुन्हा. अर्धं अर्धं कोठडीत होईल.

धागाकर्त्याचं प्रकरण वेगळं. आपली परवा हरवलेली वस्तू शोधणं म्हणजे गुप्तधन शोधणं नव्हे. फक्त मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी घ्या, आणि खड्डे बुजवा. दुसऱ्याचं काही सापडलं तर ते तुमचं होत नाही. करार कायदा १८७२, कलम ७१: सापडलेली वस्तू ताब्यात घेतली की ती सांभाळायची जबाबदारी तुमची. मालक कळत असताना खिशात घातली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४.

गडप्रेमी_२२ | गुरुवार, सकाळी १०.४०

सॉरी वकीलसाहेब. सहज म्हटलं होतं.

अनगोळ_नाका | रविवार, रात्री ९.१८

आजचा अहवाल. वाटी मिळाली नाही. तरी लिहितो, कारण बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलंय.

परवानगी तोंडी मिळाली, "क्रिकेटच्या पिचला हात लावायचा नाही" या अटीवर. सकाळी साडेसहाला धुक्यात @चोर्ला_घाट हजर. चुंबक ओढलं. पहिल्याच फेरीत त्याला एवढी दाढी आली की माझा भाचा म्हणाला, "मामा, हे साळिंदर झालं."

मग जागा ठरवली. मी "ती इथे उभी होती" म्हणून टाच रोवली. दादांनी विचारलं, संघ जिंकला की हरला? हरला. मग ती इथे उभी कशी राहील, ओढली गेली असेल ना? बहिणीला फोन लावला. चार-पाच पावलं फरफटत गेली होती आणि मग पडली. म्हणजे शोधायची ती एक जागा नव्हे, एक पट्टा. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आखला, सुतळी बांधली. सुभेदारसाहेब, तुमची आठवण काढली, दर दहा मिनिटांनी माझा हात झोपाळा व्हायचा.

आता ती वाटीची युक्ती. सासरची वाटी दादांनी पट्ट्याबाहेर मातीवर ठेवली आणि तबकडी फिरवली. पडद्यावर ४४, ४५, मधेच ४७. बोटभर मातीखाली पुरली, तरी तेवढेच. मग खिशातून सिगरेटच्या पाकिटातली चांदी काढून बोटांत चुरगाळून गोळी केली आणि शेजारी ठेवली. ४५. मी दादांकडे बघितलं, ते हसत होते. म्हणाले, "आता ३८ ते ५२ मधलं सगळं खणायचं, कुरकुर करायची नाही."

खणलं. त्रेसष्ट खड्डे. खड्डा म्हणजे तरी काय, पेचकस तिरका घालून माती उचलायची, मुठीत घेऊन मूठ तबकडीवरून फिरवायची, वाजली तर निम्मी टाकायची, उरलेली परत फिरवायची. शेवटी तळहातावर चिमूटभर माती उरते आणि त्या चिमटीत काहीतरी असतं. दर वेळी छाती धडधडते. दर वेळी सिगरेटची चांदी. या मैदानावर व्यायामाला येणारे लोक इतकी सिगरेट ओढतात हे आज कळलं.

बाकी मिळालं ते: नाणी साडेअकरा रुपयांची, त्यात पन्नास पैशांचं एक. अॅल्युमिनियमचं कंगोऱ्यांचं १० पैशांचं एक, भाच्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं आणि विचारलं, "हे खेळण्यातलं?" पितळी शिट्टीचा अर्धा भाग. बॅगेची चेन. आणि चांदीचं एक जोडवं, एका बाजूने झिजून पातळ झालेलं. त्याचा आकडा एकदम वरचा आला, ८० च्या पुढे, आम्हाला वाटलं जुना रुपया. ते जोडवं माझ्याकडे आहे, त्याचं काय करायचं सांगा.

दुपारी एकला थांबलो. घरी बहिणीने वाढलं. काही बोलली नाही. दादांच्या ताटात पुरणपोळी वाढताना "तूप घ्या की वो" एवढंच म्हणाली.

कुंदा_प्लस_फरसाण | रविवार, रात्री ९.४०

त्रेसष्ट खड्डे! दंडवत. वाचनखूण म्हणून ठेवतोय हा धागा.

काळा_कोट | रविवार, रात्री ९.५५

जोडव्याचा फोटो इथे टाकू नका. महिला मंडळाच्या ग्रुपवर "जोडवं सापडलंय" एवढंच लिहा. जी मागायला येईल तिला दुसऱ्या पायातलं आणायला सांगा. जोडवी जोडीने असतात, यापेक्षा चांगला पुरावा हायकोर्टात मिळत नाही.

बेलपान | रविवार, रात्री १०.२०

माझे आजोबा झारेकरी होते. हल्लीच्या मुलांना शब्द माहीत नसेल. सोनारांच्या पेठेतली धूळ आणि गटारातला गाळ विकत घ्यायचा, धुवायचा, आणि त्यातून सोन्याचे कण काढायचे, हा धंदा. लाकडी परातीत गाळ आणि पाणी घेऊन गोल हलवायचं. सोनं मातीच्या कितीतरी पट जड, ते तळाला चिकटून बसतं, माती कडेवरून वाहून जाते.

आजोबांना यंत्र माहीत नव्हतं, पण एक गोष्ट ते नेहमी विचारायचे: केर कुठे गेला? दुकानात सोनं हरवलं की सोनार दुकान शोधतो. आजोबा केरसुणी झाडून बघायचे, मग उंबरा, मग उकिरडा. सोनं पडतं तिथे राहत नाही हो, माती जाते तिकडे जातं.

तुम्ही १२ बाय ६ चा पट्टा दोनदा तपासलात, यंत्र बरोबर होतं, वाटीचा आकडाही माहीत होता. म्हणजे वाटी तिथे नाही. रविवार ते रविवार त्या मैदानावर काय काय झालं? कुणी झाडलं? रोलर फिरला? माती उचलली?

चोर्ला_घाट | रविवार, रात्री १०.३८

@बेलपान, हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. किनाऱ्यावर लाट वाळू नेते म्हणून मी भरती-ओहोटी बघतो. मैदानावर फावडं असतं हे डोक्यातच आलं नाही.

सुभेदार_निवृत्त | सोमवार, सकाळी ६.०५

बरोबर प्रश्न. वॉचमनला विचारा. त्याला सगळं माहीत असतं.

अनगोळ_नाका | सोमवार, रात्री ८.३३

विचारलं. ऑफिसातून परस्पर मैदानावर गेलो. वॉचमनमामा म्हणाले, सोमवारी दुपारी पोरं आली होती, कबड्डीचं मैदान करायला. माती मऊ लागते ना. ती त्यांनी कुठून घेतली? रस्सीखेच झाली होती तिथून. पन्नास-साठ बायकांनी पाय रोवून तिथली जमीन आयती उकरून ठेवली होती, कुदळ मारायची गरजच नव्हती. घमेल्याने उचलली आणि पलीकडच्या कोपऱ्यात पसरली.

म्हणजे आम्ही ज्यावर दिवसभर रांगलो ती खालची माती होती. वरची चाळीस पावलांवर कबड्डी खेळत होती.

पोरांना गाठलं. त्यांतला एक म्हणाला, "काका, सोनं हाय म्हणून अगोदर सांगितलं असतं तर आम्हीच हुडकलं असतं की." तेच टाळत होतो बाबा.

बेलपान | सोमवार, रात्री ८.५०

आता यंत्राच्या आधी चाळण घ्या. बांधकामावरची वाळूची नको, ती फार मोठी, त्यातून वाटी आरपार जाईल. गहू चाळायची पत्र्याची चाळण घ्या. कुठल्या भागात टाकलं ते पोरांना नक्की आठवत असेल तर चाळणीचं काम यंत्रापेक्षा पक्कं, कारण चाळणीला सिगरेटच्या चांदीचा मोह होत नाही. आणि काळे मणी बघत राहा. मणी लागले की थांबा.

चोर्ला_घाट | सोमवार, रात्री ९.१५

मी रविवारी परत येतो. मधल्या दिवसांत कुणी तिथे पाणी मारून रोलर फिरवू नये एवढं बघा.

अनगोळ_नाका | रविवार, दुपारी २.०७

मिळाली.

सविस्तर रात्री लिहितो, हात अजून मातीचे आहेत.

मुक्ता_खानापूर | रविवार, दुपारी २.०९

🙏🙏🙏 रात्रीपर्यंत थांबवत नाही, पण ठीक आहे.

अनगोळ_नाका | रविवार, रात्री १०.००

सकाळी सात वाजता आम्ही दोघे, भाचा, कबड्डीची सहा पोरं, वॉचमनमामा, आणि या वेळी बहीण स्वतः. मागच्या खेपेला तिला नेलं नव्हतं, उगाच आशा नको म्हणून. या वेळी ऐकली नाही, घरातली चाळण तीच घेऊन आली.

पोरांपैकी दोघांना आठवत होतं की पहिली घमेली मधल्या रेषेपाशी ओतली. तिथून सुरुवात. दादांनी यंत्र लावलं आणि दहा मिनिटांत बाजूला ठेवलं. मऊ भुसभुशीत माती, त्यात जांभ्याचे खडे, आवाज सतत कुरकुरा. म्हणाले, "आधी चाळू या." पोरं खोऱ्याने माती ओढायची, बहीण आणि मी चाळायचो, चाळून वर उरलेलं एका पोत्यावर ओतायचं आणि दादा त्या पोत्यावरून तबकडी फिरवायचे.

साडेनऊच्या सुमाराला बहिणीने चाळण हलवायची थांबवली. खड्यांमध्ये एक काळा मणी होता, ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक, चाळणीच्या भोकात अडकलेला. तिने तो नखाने काढला, तोंडाने फुंकला, पदराच्या टोकात बांधला आणि परत चाळायला लागली. पुढच्या अर्ध्या तासात सात मणी. मग दादांनी त्या जागेभोवती हात-दीड हाताचं रिंगण केलं आणि पोरांना लांब उभं केलं.

वाटी चाळणीत नाही आली. रिंगणाच्या कडेला, पोरं आउट झाल्यावर जिथे येऊन बसतात तिथे, यंत्र वाजलं. ४१. दादा म्हणाले, "चांदीच असणार," म्हणजे सिगरेटची, आणि पेचकस माझ्या हातात दिला. मी माती मुठीत उचलली, तबकडीवरून फिरवली, निम्मी टाकली, परत फिरवली. तळहातावर मातीचं ढेकूळ उरलं, हरभऱ्याएवढं. अंगठ्याने दाबलं तर फुटलं नाही.

एका बाजूने चेपली आहे, कुणाची तरी टाच पडली असणार. कडी उघडलेली, @सराफकट्टा म्हणाले होते तशीच, केसाएवढी. आत माती घट्ट भरलेली. बहिणीने ती तिथेच नळावर धुतली नाही, घरी आणली, आईपुढे ठेवली आणि मग धुतली.

वॉचमनमामांनी "सिक्तेन्री?" विचारायच्या आतच पोरांनी ओरडून सांगितलं. सगळ्यांना चहा-मिरचीभजी. कबड्डीचं मैदान आम्ही परत सारखं करून, पाणी मारून दिलं, ते दुपारी दोनपर्यंत चाललं.

सराफकट्टा | रविवार, रात्री १०.१२

उद्या दुकानात घेऊन या. चेप काढू नका म्हटलात तर काढणार नाही, कडी मात्र नवीन घालावीच लागेल. मजुरी घेणार नाही.

अनगोळ_नाका | रविवार, रात्री १०.२०

बहीण म्हणते चेप राहू दे.

बेलपान | रविवार, रात्री १०.२५

आजोबा असते तर त्यांनी ती पोत्यावरची उरलेली मातीही घरी नेली असती. अभिनंदन.

निपाणी_एक्सप्रेस | रविवार, रात्री १०.४१

अभिनंदन. मागचा प्रतिसाद मागे घेतो. ते ४५ आणि ४१ का आलं पण? वाटी तीच ना?

चोर्ला_घाट | रविवार, रात्री ११.००

तीच नव्हे, तिची जोडीदार. चाचणीची वाटी सासरची, अखंड आणि आडवी ठेवलेली. सापडली ती चेपलेली, कडी उघडलेली, मातीत उभी. सोन्याचा कस वेगळा, पत्र्याची जाडी वेगळी, वस्तू तबकडीला तोंड करून आहे की कड दाखवून, सगळ्याने आकडा हलतो. म्हणून ३८ ते ५२ धरलं होतं. कुणी "४५ च खणू" म्हटलं असतं तर ती अजून तिथेच असती, कबड्डीच्या पोरांखाली.

जोडव्याचं काय झालं?

अनगोळ_नाका | सोमवार, सकाळी ७.३०

तीन जणी आल्या. दोघींनी आणलेलं जोडवं जुळलं नाही, त्याही प्रामाणिकपणे "आमचं नव्हे" म्हणाल्या. तिसऱ्या एक आजी, मागच्या गल्लीतल्या. हळदीकुंकवाला त्या आल्याच नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी नातवाच्या शाळेचे खेळ बघायला त्या मैदानावर गेल्या होत्या, तेव्हा पडलेलं. पिशवीतून दुसरं काढलं. तेही त्याच बाजूने झिजलेलं.

मुक्ता_खानापूर | सोमवार, सकाळी ८.०५

आता माझी विनंती. सगळं निवांत झाल्यावर सांगायचं म्हणून थांबले होते. माझ्या दिराची साखरपुड्याची अंगठी दिवाळीत व्हॉलीबॉल खेळताना गेली, आमच्या गावच्या शाळेच्या मैदानावर. सर्व्हिस मारताना हातातून निसटली, बॉलच्याच दिशेने गेली असं तो म्हणतो. तेव्हापासून मैदान झाडलेलं नाही, पण बाजूला नाचणीची मळणी झाली होती.

चोर्ला_घाट | सोमवार, सकाळी ८.२०

अंगठी आहे ना, मग येतो. मळणीचा भुसा कुठे टाकला ते आजच विचारून ठेवा. आणि दिराला सर्व्हिस मारायची तिथे उभं करून दहा वेळा मारायला सांगा, त्याच वजनाचं काहीतरी बोटात सैल घालून. कुठे कुठे पडतं तिथे खुंट्या ठोका.

अनगोळ_नाका | सोमवार, सकाळी ८.२२

सुतळी, खुंट्या आणि चाळण मी आणतो. चुंबक शनिवारी उद्यमबागेतून उचलतो. बहीण पण येते म्हणते.

मुक्ता_खानापूर | सोमवार, सकाळी ८.३१

या सगळे. किती माणसं ते शुक्रवारपर्यंत सांगा, भाकऱ्या किती थापायच्या ते कळेल.